लॅपटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवताना

४ जानेवारीच्या रात्री स्कॅनरने एक पान अर्ध्यावर सोडले. पडद्यावर डिस्क भरल्याची सूचना आली आणि आजोबांच्या हस्तलिखित वहीचे ते पान वरच्या निम्म्या भागापुरतेच जतन झाले. गेले वर्षभर मी त्यांच्या वह्या, पत्रे आणि छायाचित्रे एकेक करून स्कॅन करत आहे. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून, दाबून लहान न करता जतन केले, तर त्याची फाइल सुमारे १०४ मेगाबाइटची होते. अशी ३,२०० पाने झाली तेव्हा ५०० जीबीच्या डिस्कवरची जवळजवळ ३३० जीबी जागा त्यांनीच व्यापली होती, आणि उरलेल्या जागेत विंडोज, इतर कामाच्या फाइली आणि अनेक वर्षांचे ईमेल कसेबसे मावत होते.

फाइली दाबून लहान करण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. परंतु शाईचा फिकटपणा, कागदाचा पोत आणि समासात पेन्सिलीने केलेल्या बारीक खुणा मला जशाच्या तशा हव्या होत्या. बाहेरून यूएसबीने जोडायची डिस्क माझ्याकडे होती आणि तिच्यावर या सर्व पानांची एक प्रत ठेवलेलीच होती. मात्र रोजच्या कामासाठी तीच वापरली की केबल सैल होई, डिस्क मध्येच नाहीशी होई आणि चालू असलेले काम तुटे. म्हणून लॅपटॉपच्या आतच दुसरी डिस्क बसवावी असे ठरले. या आधी मी लॅपटॉपचा एकही स्क्रू काढलेला नव्हता, आणि उघडताना काही बिघडले तर वर्षभराचे काम थांबेल ही धास्ती मनात होती. त्यानंतरच्या आठ आठवड्यांत जे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

पहिले दोन दिवस केवळ वाचण्यात गेले. आपल्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा आहे का, हे त्याच्या विक्रीच्या पत्रकावरून कळत नाही. त्यासाठी उत्पादकाची दुरुस्ती-पुस्तिका शोधावी लागते. ती बहुधा उत्पादकाच्या मदत विभागात पीडीएफ स्वरूपात मिळते, आणि तिच्यात कोणता भाग कोणत्या क्रमाने काढायचा, कोणता स्क्रू किती लांबीचा आहे, हे आकृत्यांसह दिलेले असते. माझा लॅपटॉप जुन्या घडणीचा असल्याने त्यात २.५ इंची डिस्कचा एकच कप्पा होता, पण शेजारी डीव्हीडी ड्राइव्ह होता. तो काढून त्याच्या जागी डिस्क बसवता येते. त्यासाठी डीव्हीडी ड्राइव्हच्याच आकाराची एक चौकट मिळते, तिला कॅडी म्हणतात. डीव्हीडी ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क दोन्ही सॅटा या डिस्क जोडण्याच्या पद्धतीनेच जोडलेले असले, तरी वीजपुरवठ्याची त्यांची जोडणी वेगळी असते: डिस्कला १५ पिनांची, तर लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हला ६ पिनांची. कॅडीच्या आत बसवलेली छोटी पट्टी हा फरक भरून काढते. डीव्हीडीच्या जोडणीतून फक्त ५ व्होल्ट मिळतात, आणि २.५ इंची डिस्कला तेवढेच पुरतात. टेबलावरच्या संगणकातील ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे आकाराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ती येथे चाललीच नसती.

नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नसतो आणि दुसरी डिस्क बहुतेक वेळा एम-टू नावाच्या छोट्या खाचेत जाते. त्या वाटेने जाणाऱ्यांनी त्या खाचेत सॅटा प्रकारची एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) चालते, त्याहून वेगवान एनव्हीएमई प्रकारची चालते की दोन्ही, हे पुस्तिकेतून पाहूनच खरेदी करावी, कारण दोन्ही पट्ट्या दिसायला जवळजवळ सारख्या असतात. लांबीही पाहावी, २२८० या आकड्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असा आहे. काही लॅपटॉपमध्ये २.५ इंची डिस्कची जागा मोठ्या बॅटरीने घेतलेली असते, हेही आधीच समजलेले बरे.

७ जानेवारीला मी उत्पादकाच्या सेवा केंद्राला ईमेल पाठवून विचारले की डीव्हीडी ड्राइव्ह काढून कॅडी बसवल्यास वॉरंटीवर परिणाम होईल का. माझी वाढीव वॉरंटी अजून पाच महिने शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी केवळ पोच आली. त्यानंतर त्यांनी एक अर्ज पाठवला, ज्यात लॅपटॉपचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख, पावतीची प्रत आणि खालच्या बाजूचे छायाचित्र मागितले होते. अनुक्रमांकाचा कागद झिजून वाचता येईनासा झाला होता. तो शेवटी बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ मांडणीच्या, पहिल्या पानावर मिळाला. ज्यांचा कागद पुसट झाला असेल त्यांनी तेथे पाहावे. अंतिम उत्तर १३ जानेवारीला आले: डीव्हीडी ड्राइव्ह हा ग्राहकाने स्वतः बदलण्याजोगा भाग असल्याने तो काढल्याने वॉरंटी जात नाही, मात्र त्यासाठी कोणतीही मोहोर किंवा चिकटपट्टी तोडावी लागू नये, आणि लॅपटॉप दुरुस्तीला पाठवताना मूळ ड्राइव्ह परत बसवलेला असावा. हे उत्तर मी छापून पावतीसोबत ठेवले आहे. प्रत्येक उत्पादकाचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून माझ्या उत्तरावर विसंबून न राहता आपापले उत्तर लेखी मागवावे.

या उत्तराची वाट न पाहता मी १० जानेवारीला डिस्क आणि कॅडी मागवून बसले होते, ही माझी पहिली चूक. डिस्कची निवड विचारपूर्वक केली होती. स्कॅन केलेली पाने नुसती साठवून ठेवायची असल्याने एसएसडीच्या वेगाची मला गरज नव्हती आणि तेवढ्याच पैशांत हार्ड डिस्कवर कितीतरी अधिक जागा मिळत होती. म्हणून १ टीबीची, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी २.५ इंची डिस्क घेतली. लॅपटॉपच्या डिस्क प्रामुख्याने ७ आणि ९.५ मिलिमीटर जाडीत येतात, आणि अधिक क्षमतेच्या काही डिस्क त्याहून जाड असतात ज्या कॅडीत मावत नाहीत. माझी ७ मिलिमीटरची होती, ते ठीकच झाले. कॅडीच्या बाबतीत मात्र जाहिरातीत ती सर्व लॅपटॉपना चालते असे लिहिले होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला. डीव्हीडी ड्राइव्ह दोन प्रमुख जाडींचे असतात, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. १४ जानेवारीला आलेली कॅडी १२.७ ची निघाली आणि माझा ड्राइव्ह ९.५ चा. फरक अवघा ३.२ मिलिमीटरचा, पण तेवढ्याने ती कप्प्याच्या तोंडाशीच अडली. ड्राइव्ह आधी बाहेर काढून पट्टीने मोजला असता तर आठ दिवस वाचले असते.

परत पाठवण्याच्या अर्जात कारण, वेष्टनाची चार छायाचित्रे आणि मोजपट्टी लावलेले एक छायाचित्र द्यावे लागले. पाठवणीचा खर्च माझ्यावर आला, आणि तो कॅडीच्या किमतीच्या चौथ्या भागाइतका होता. डिस्कच्या किमतीपुढे कॅडीची किंमत फार नाही, त्यामुळे पैशापेक्षा वेळ गेल्याचे वाईट अधिक वाटले. उरलेली रक्कम ३० जानेवारीला, म्हणजे सोळा दिवसांनी खात्यात जमा झाली. दुसरी कॅडी वेगळ्या विक्रेत्याकडून, जाडी लेखी विचारून मागवली आणि ती १९ जानेवारीला हाती आली.

मधल्या दिवसांचा एक उपयोग झाला. नवी डिस्क लॅपटॉपमध्ये बसवण्याआधी तिची तपासणी करून घ्यावी, असे एका जाणत्या मित्राने सुचवले, आणि ते मला आता अत्यावश्यक वाटते. यूएसबीची जोडपट्टी लावून मी डिस्क बाहेरूनच जोडली, स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदी, दाखवणारे एक मोफत साधन उघडले आणि तीन आकडे वहीत लिहिले: बदललेल्या सेक्टरची (खराब झाल्याने राखीव जागेवर हलवलेल्या छोट्या भागांची) संख्या, प्रलंबित (वाचता न आल्याने संशयित ठरलेल्या) सेक्टरची संख्या आणि डिस्क चालू राहिल्याचे एकूण तास. पहिले दोन शून्य होते आणि तास दोनही भरले नव्हते, म्हणजे डिस्क खरोखरच नवी होती. मग विंडोजमध्ये तिचे पूर्ण फॉरमॅट चालवले. झटपट फॉरमॅट केवळ वरवरची मांडणी करते. पूर्ण फॉरमॅट संपूर्ण डिस्कवर शून्य लिहिते आणि त्यामुळे सदोष जागा उघडकीस येण्याची शक्यता बरीच वाढते. सेकंदाला १०० मेगाबाइटच्या सरासरी वेगाने १ टीबीला पावणेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि मला साडेतीन तास लागले. जोडपट्टी जुन्या यूएसबी-२ प्रकारची असेल तर हे काम रात्रभर चालेल. फॉरमॅटनंतर आकडे पुन्हा पाहिले. ते तसेच शून्यावर होते. काही जोडपट्ट्या डिस्कची आतली मांडणी वेगळ्या रीतीने दाखवतात आणि तीच डिस्क थेट लॅपटॉपला जोडल्यावर विभाग ओळखता येत नाही, असे वाचले होते. म्हणून चाचणीसाठी केलेला विभाग मी पुसून टाकला आणि खरी मांडणी डिस्क आत गेल्यावरच करायची ठरवले.

२२ जानेवारीला सकाळी मोकळा वेळ होता. आदल्या रात्री बाहेरच्या डिस्कवरची प्रत अद्ययावत केली होती. आणखी एक काम करायला हवे होते, ते राहिले, आणि त्याचा फटका पुढे बसला. ते ओघाने येईलच. टेबलावर सुती कापड पसरले, शून्य क्रमांकाचा फिलिप्स पेचकस, एक वाटी आणि कागदी चिकटपट्टी घेतली. विंडोज नेहमीच्या रीतीने बंद केली तर ती आपल्या काही भागाची स्थिती डिस्कवर जतन करून ठेवते आणि पुढच्या वेळी तेथूनच सुरू होते. ती पूर्णपणे बंद करायची असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन निवडावे लागते. तसे केले, चार्जर काढला, बॅटरी काढली आणि उरलेली वीज निघून जावी म्हणून चालू करण्याचे बटण पंधरा सेकंद दाबून धरले. स्थिर विजेपासून बचावासाठी मनगटाला बांधायचा पट्टा माझ्याकडे नव्हता. त्याऐवजी लोकरीचे कपडे टाळले, दर थोड्या वेळाने जवळच्या धातूच्या नळाला हात लावला आणि डिस्कच्या खालच्या हिरव्या पट्टीला बोट लागू दिले नाही.

ज्या स्क्रूची मला एवढी भीती होती तो एकच होता. लॅपटॉपच्या पोटाशी डिस्कचे छोटे चित्र कोरलेले होते आणि त्याच्या शेजारच्या स्क्रूने डीव्हीडी ड्राइव्ह धरून ठेवलेला होता. पेचकस उभा धरून, वरून दाब देत हळू फिरवला, तेव्हा एक बारीक टक् असा आवाज झाला आणि स्क्रू सुटला. त्या आवाजाने क्षणभर छातीत धस्स झाले, पण घट्ट बसलेला स्क्रू सुटताना असा आवाज होतोच. दाब कमी देऊन पेचकस फिरवला तर स्क्रूचे तोंड झिजते आणि मग तो निघणे कठीण होते. स्क्रू चिकटपट्टीवर लावून त्याच्या शेजारी त्याची जागा लिहिली. ड्राइव्हची कड नखाने ओढताच तो खणासारखा सरकत बाहेर आला. सारे मिळून चार मिनिटे लागली असतील.

पुढचे काम अधिक नाजूक होते. डीव्हीडी ड्राइव्हच्या तोंडावरची प्लास्टिकची पट्टी लॅपटॉपच्या बाजूच्या उताराशी जुळणारी असते. ती काढून कॅडीला लावली नाही तर तेथे फट राहते. ती काढण्यासाठी आधी ट्रे बाहेर यावा लागतो आणि वीज नसल्याने बटण चालत नाही. समोरच्या बारीक भोकात सरळ केलेली कागदाची पिन घातली की ट्रे सुटतो. मग पट्टीच्या कडांवरच्या तीन आकड्या सपाट टोकाने किंचित दाबायच्या असतात. त्यातली एक आकडी माझ्या हातून किंचित वाकली. तुटली नाही एवढेच. ड्राइव्हच्या मागच्या बाजूला एक लहान धातूचा कोनही दोन स्क्रूंनी लावलेला असतो, आणि लॅपटॉपच्या खालून येणारा तो एकमेव स्क्रू याच कोनात बसतो. हा कोन कॅडीवर न्यायला अनेक जण विसरतात, आणि मग सारे बसवून झाल्यावर स्क्रूला धरायला काहीच मिळत नाही. पुस्तिकेतल्या आकृतीमुळे तो माझ्या लक्षात राहिला.

डिस्क कॅडीत ठेवली, जोडणीच्या दिशेने सरकवली, बाजूचे स्क्रू लावले, पट्टी आणि कोन बसवला आणि कॅडी कप्प्यात ढकलली. बॅटरी लावून लॅपटॉप सुरू केला. विंडोज आली, पण दुसऱ्या डिस्कचा कोठेच पत्ता नव्हता. बायॉसमध्ये गेले तर तेथेही डीव्हीडीची जागा रिकामी दिसत होती. त्या वेळी जी निराशा झाली ती मोठी होती. लॅपटॉपच बिघडला, कॅडी खराब निघाली की डिस्क गेली, हे कळायला मार्ग नव्हता. बूटचा क्रम (कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तो क्रम) बदलून पाहिला, सॅटाची पद्धत एएचसीआय (डिस्कशी संवादाची नेहमीची रीत) आहे ना हे तपासले. ती तशीच होती, आणि मी तिला हात लावला नाही. ज्या पद्धतीत विंडोज बसवलेली असते ती बायॉसमधून अचानक बदलली तर विंडोज सुरूच न होण्याचा धोका असतो, म्हणून कोणाच्या सांगण्यावरून ही मांडणी बदलू नये.

अर्धा तास थांबून, पुन्हा सारे बंद करून कॅडी बाहेर काढली. प्रकाशात आडवी धरून पाहिली तेव्हा डिस्क आणि जोडणी यांच्यामध्ये दोन मिलिमीटरची फट दिसली. कॅडीच्या खोक्यात प्लास्टिकचा एक आडवा तुकडा आला होता, ज्याला मी वेष्टनाचा भाग समजून बाजूला ठेवले होते. वास्तविक तो पाचरीसारखा डिस्कच्या मागे बसवायचा असतो आणि तोच डिस्कला जोडणीत दाबून ठेवतो. बाजूचे स्क्रू घट्ट करण्याआधी ही पाचर बसवायला हवी होती. स्क्रू सैल केले, डिस्क पूर्ण आत दाबली, पाचर लावली आणि मग स्क्रू आवळले. ज्यांना हीच अडचण येईल त्यांनी इतर शंका घेण्याआधी ही फट पाहावी. काही कॅडींवर एक बारीक खटकाही असतो, जो वेगवेगळ्या लॅपटॉपसाठी वेगवेगळ्या स्थितीत ठेवावा लागतो; डिस्क नीट बसूनही दिसत नसेल तर तो सरकवून पाहता येतो.

या वेळी बायॉसने डिस्कचे नाव आणि क्षमता दाखवली. मी हात जोडून खुर्चीत मागे टेकले, आणि तेवढ्यात पडदा निळा होऊन ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागू लागला. माझी मूळ डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद होती आणि मी बूटचा क्रम बदलल्यामुळे यंत्राला आपल्यात फेरफार झाल्याचा संशय आला होता. आदल्या रात्री राहून गेलेले काम हेच: बिटलॉकर काही काळापुरते स्थगित करणे, किंवा निदान ती किल्ली कागदावर लिहून घेणे. सुदैवाने ती माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली होती आणि फोनवरून उघडता आली. सहा-सहा अंकांचे आठ गट मी एकेक करून भरले. किल्ली मिळाली नसती तर मूळ डिस्कवरचे सर्व काही समोर असूनही वाचता आले नसते. लॅपटॉप उघडण्याआधी ही एक गोष्ट प्रत्येकाने केलीच पाहिजे, असे मी कळकळीने सांगेन.

डिस्कची मांडणी करण्याचे काम त्या मानाने सरळ होते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवी डिस्क रिकामी दिसली आणि विभागांची नोंद एमबीआर पद्धतीने ठेवायची की जीपीटी, असा प्रश्न आला. एमबीआर पद्धतीत ५१२ बाइटच्या सेक्टरनी सुमारे २ टीबीपर्यंतच जागा वापरता येते; माझ्या डिस्कला दोन्ही चालले असते, तरी मी जीपीटी निवडले. येथे समोर दोन डिस्क दिसत असतात, आणि चुकीच्या डिस्कवर हात पडला तर सारे संपते; म्हणून क्षमता दोनदा वाचून, मोठ्याने उच्चारून मगच पुढे गेले. एकच विभाग केला, विंडोजची नेहमीची एनटीएफएस मांडणी ठेवली, आणि आधी डीव्हीडीचे असलेले डी हे अक्षर मोकळे झाल्याने तेच दिले. डिस्कवर ९३१ जीबी दिसतात म्हणून कोणी घाबरू नये. विक्रेता १ टीबी म्हणजे एक लाख कोटी, अर्थात १०,००,००,००,००,००० बाइट मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. जागा तेवढीच असते. माझ्या हिशेबाने त्यात आणखी सहा हजारांहून अधिक पाने मावतील.

२३ जानेवारीला पाने हलवायला घेतली. फाइली कट करून हलवायच्या नाहीत, त्यांची प्रत करायची आणि मूळ फाइली काही दिवस तशाच ठेवायच्या, हे पक्के होते. रोबोकॉपी हे विंडोजमध्ये आधीपासूनच असलेले साधन मी वापरले, कारण त्यात काम मध्येच थांबले तरी पुढे चालू ठेवता येते आणि शेवटी नोंद मिळते. सेकंदाला सरासरी ४५ मेगाबाइटच्या आसपास वेगाने प्रत होत होती. दीड तासानंतर मात्र ती एकाच पानावर अडकली आणि अर्धा तास तेथेच राहिली. जुन्या डिस्कमधून एक मंद, ठराविक कालाने येणारा टकटक आवाज ऐकू येत होता. पडद्यावर सायक्लिक रिडंडन्सी चेकची त्रुटी होती, म्हणजे जुन्या डिस्कवरचा तो भाग वाचताच येत नव्हता. रोबोकॉपीला काही सांगितले नाही तर ते न वाचता येणाऱ्या फाइलीसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते. मी ते थांबवले, पुन्हा प्रयत्नांची संख्या एक आणि प्रतीक्षा एक सेकंद अशी ठेवून नव्याने सुरू केले. झालेल्या फाइली त्याने वगळल्या आणि उरलेले काम तासाभरात संपले. शेवटच्या नोंदीत ३,१९७ फाइली आल्या आणि तीन अयशस्वी दिसल्या.

मी जुन्या डिस्कच्या स्मार्ट नोंदी उघडल्या. प्रलंबित सेक्टर २४. नव्या डिस्कची एवढी काळजीपूर्वक तपासणी करताना रोज वापरातल्या जुन्या डिस्ककडे पाहावे असे मला सुचलेच नव्हते. त्या तीन पानांपैकी दोन बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतीत शाबूत मिळाली. तिसरे तेथेही अपुरे होते: ते ४ जानेवारीला अर्धवट राहिलेले पानच होते. वही माझ्याजवळ होती, त्यामुळे ते पुन्हा स्कॅन केले. पण ज्या पत्रांचे मूळ कागद मी नातेवाइकांना परत दिले आहेत, त्यांतले एखादे त्या सेक्टरांवर असते तर, हा विचार त्या रात्री बराच वेळ मनातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत झालेल्या सर्व फाइलींच्या दोन्ही प्रतींचे शा-२५६ ठसे (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली, तिची ओळख पटवणारी संख्या) काढून जुळवले. याला पाच तास लागले आणि लॅपटॉप चांगलाच तापला, तरी हे काम टाळू नये. प्रत झाली याचा अर्थ ती अचूक झाली असा नसतो. सगळे ठसे जुळले.

दुसरी डिस्क आल्यावर रोजच्या वापरात काही बदल जाणवतात. तळहाताखाली बारीक कंप येतो. बॅटरी थोडी लवकर उतरते. विंडोज वापरात नसलेली डिस्क वीस मिनिटांनी थांबवते आणि पुन्हा लागली की ती फिरू लागेपर्यंत दोन-तीन सेकंद वाट पाहावी लागते; मी हा काळ तसाच ठेवला आहे, कारण थांबलेली डिस्क धक्क्यापासून अधिक सुरक्षित असते. माझ्या लॅपटॉपमध्ये पडताना डिस्कचे हेड बाजूला घेणारी संरक्षणाची सोय आहे, पण ती मूळ कप्प्यापुरतीच आहे आणि कॅडीतल्या डिस्कला तिचा लाभ मिळत नाही. म्हणून लॅपटॉप उचलण्याआधी तो पूर्ण बंद करण्याची सवय लावून घेतली आहे. वेगाच्या बाबतीत नुकसान झालेले नाही. डीव्हीडीच्या जोडणीतून माझ्या लॅपटॉपमध्ये ३ गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला कमाल ३०० मेगाबाइटचा मार्ग मिळतो आणि ही डिस्क तेवढा वेग कधीच गाठत नाही. एसएसडी घेणाऱ्यांनी मात्र ती मूळ कप्प्यात बसवून जुनी हार्ड डिस्क कॅडीत न्यावी, कारण ६ गिगाबिटचा मार्ग बहुधा मूळ कप्प्यालाच असतो.

दोन डिस्क एकाच यंत्रात असणे म्हणजे सुरक्षित प्रत असणे नव्हे. लॅपटॉप पडला, भिजला किंवा चोरीला गेला तर दोन्ही एकदमच जातील. त्यामुळे बाहेरची डिस्क आता दर रविवारी जोडली जाते आणि एरवी दुसऱ्या खोलीतल्या कपाटात असते.

जुन्या डिस्कवरची पाने मी १३ फेब्रुवारीला, तीन आठवडे वाट पाहून काढली. डीव्हीडी ड्राइव्ह स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवीत, सेवा केंद्राच्या छापील उत्तरासोबत ठेवला आहे आणि वाकलेल्या आकडीची नोंद पिशवीवर लिहिली आहे. मूळ डिस्क बदलण्यासाठी एसएसडी घ्यायची आहे, आणि या वेळी जाडी आधी मोजून झाली आहे. तोवर दर रविवारी दोन्ही डिस्कचे आकडे वहीत उतरवते. १ मार्चला नवीचे दोन्ही आकडे शून्य होते, आणि जुनीचे प्रलंबित सेक्टर अजून २४.